बॉनचं क्लाइस घराणं आणि आपली दमट हवा

पेटीवाला (फोंडा): जर्मनीतल्या बॉनच्या क्लाइस या पाइप ऑर्गनच्या कारखान्याचा इतिहास थोडक्यात सांगाल का? त्यांनी दमट हवेतल्या ऑर्गनवर काम केलंय का?

सूरजुळणी (मडगाव): योहानेस क्लाइस यांनी १८८२ साली सुरू केला, आता चौथी पिढी. मनिलाजवळच्या लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन १९७३ मध्ये सुटा करून बॉनला नेला, दुरुस्त होऊन १९७५ मध्ये परतला. १०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ बांबूच्या!

सुतारपक्कड (म्हापसा): पावसाळ्यात आधी रुसते ती नळ्यांखालची हवापेटी. लाकूड फुगलं की स्टॉपची, म्हणजे नळ्यांचा एकेक संच चालू-बंद करणारी, सरकपट्टी अडकते. नळीला हवा सोडणारी झडप पूर्ण मिटली नाही तर बोटाखालची पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहतो. चामड्याला बुरशी वेगळीच. फक्त रविवारी एसी लावणं सगळ्यात वाईट: लाकूड आकसतं, तडकतं, हवा शेजारच्या नळीत शिरते. आर्द्रता ५०–६० टक्के, पण बारा महिने स्थिर.

सूरजुळणी (मडगाव): आणि तापमान एक अंश चढलं की साध्या (शिट्टीसारख्या वाजणाऱ्या) नळ्या सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतात, जिभेच्या (धातूची पट्टी थरथरून वाजणाऱ्या) जवळपास तिथेच. म्हणून जुळवायच्या त्या जिभेच्याच; साध्यांना हात लावू नका.

पेटीवाला (फोंडा): म्हणजे आधी आर्द्रतामापक. आभार!