शब्दचर्चा: ‘जस्ट’ म्हणजे फक्त, नुकताच की अगदी?

‘जस्ट’चा अर्थ विचारला की ‘फक्त’ हे उत्तर चटकन येतं, आणि भाषांतरात घोळ होतो तो इथेच. ‘जस्ट टेल मी’चं ‘फक्त मला सांग’ केलं, तर मराठीत त्याचा अर्थ ‘बाकी कोणाला सांगू नकोस’ असा होतो. मूळ वाक्यात तसं काही नाही, तिथे आग्रह आहे. ‘सांग तर खरं’ किंवा ‘सांग ना’ म्हटलं की काम झालं.

या शब्दाचा गाभा मला ‘नेमकं’मध्ये दिसतो. लॅटिनमधल्या ‘जस्टुस’, म्हणजे न्याय्य, रास्त, या विशेषणावरून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘अ जस्ट डिसिजन’मध्ये तो जुना अर्थ आजही आहे. रास्त म्हणजे कमीही नाही, जास्तही नाही. म्हणून ‘जस्ट राइट’ म्हणजे अगदी बरोबर, ‘जस्ट ॲज टॉल’ म्हणजे तितकाच उंच. ‘जास्त नाही’ यावर भर पडला की ‘फक्त’, आणि ‘कमी पडलं नाही एवढंच’ असं म्हणायचं असेल तर ‘जेमतेम’.

खरी कसोटी ‘ही जस्ट मिस्ड द ट्रेन’ या वाक्यात आहे. गाडी आत्ताच चुकली, की थोडक्यात हुकली? दोन्ही अर्थ बसतात. ‘नुकतंच’ सांगायला ब्रिटिश इंग्रजीत ‘हॅज जस्ट’ अशी रचना जास्त रूढ आहे. अमेरिकेत साधा भूतकाळही सर्रास चालतो. त्यामुळे सुट्या वाक्यावरून निवाडा होत नाही, मागचा-पुढचा संदर्भ बघावाच लागतो. मराठीत ही संदिग्धता ठेवायला जागा नाही. लिहिणाऱ्याला एक बाजू घ्यावीच लागते.

नकारात तर जागा बदलली की अर्थच फिरतो. ‘आय जस्ट डोन्ट लाइक इट’ म्हणजे ‘मला ते आवडतच नाही’. ‘आय डोन्ट जस्ट लाइक इट, आय लव्ह इट’ म्हणजे ‘मला ते नुसतं आवडत नाही, मी त्याच्या प्रेमात आहे’. पहिल्या वाक्यात ‘जस्ट’चं सगळं वजन आपल्या एका ‘च’नं पेललंय. असा ‘च’ हाताशी असताना प्रत्येक ठिकाणी ‘फक्त’ का कोंबायचं?

‘आय जस्ट वॉन्टेड टू आस्क’मध्ये तो सौम्यपणासाठी येतो. तिथे ‘जरा विचारायचं होतं’ हेच नैसर्गिक. ‘जस्ट अबाउट’ म्हणजे जवळजवळ, ‘जस्ट इन केस’ म्हणजे ‘असावं म्हणून’ किंवा ‘लागलंच तर’.

‘जस्ट नाऊ’ मात्र जपून. भूतकाळाबरोबर ‘आत्ताच, थोड्या वेळापूर्वी’, वर्तमानकाळाबरोबर ‘या घडीला’. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत कोणी ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘करतो थोड्या वेळाने’, लगेच नव्हे.