पार्किंग ग्रुप : ब्रेकलाइट आणि डबाभर ग्रीस

ए-३०४ : स्कूटरचा ब्रेकलाइट मनात आलं तर लागतो, नाहीतर नाही. रविवारी गाडी धुतली तेव्हापासून हे चालू आहे. बल्ब बदलून झाला, फरक शून्य. कोणाला काही अंदाज?

सी-१०२ : प्रेशरने धुतलीस?

ए-३०४ : हो. मागच्या मडगार्डखाली चिखल होता, जवळून मारला फवारा.

सी-१०२ : मग कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात, पाणी गेलंय. ग्रीस भरून टाक, परत जाणार नाही.

बी-२०१ : माझ्याकडे बेअरिंगचं ग्रीस डबाभर पडून आहे. घेऊन जा.

डी-४०१ काका : थांबा! तो डबा आहे तिथेच राहू दे.

बी-४०३ : ग्रुपवर कृपया सोसायटीचेच विषय घ्यावेत 🙏

सी-१०२ : ताई, स्कूटर सोसायटीच्याच पार्किंगमध्ये उभी आहे 😄

डी-४०१ काका : बेअरिंगचं ग्रीस सहसा खनिज तेलाचं असतं. कपलरच्या तोंडाशी आणि मागे वायर आत शिरते तिथे रबरी सील असतात. काही जातीचं रबर त्या तेलाने फुगतं, पिठूळ होतं. म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या ग्रीसनेच पाण्याला दार उघडून द्यायचं. कपलरला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस लागतं. छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, दिसायला दुधी-पारदर्शक.

ए-३०४ : पण काका, डायइलेक्ट्रिक म्हणजे वीज न जाऊ देणारं ना? तेच पिनवर फासलं तर करंट जाणार कसा?

डी-४०१ काका : पिन सॉकेटमध्ये सैल नसते रे, पातीच्या दाबाखाली घासत आत जाते. घासताना मधलं ग्रीस बाजूला होतं आणि धातू धातूला टेकतो. करंट तिथूनच जातो. बाजूला झालेलं ग्रीस त्या टेकलेल्या जागेभोवती बसून राहतं, हवा-पाणी येऊ देत नाही. त्याचं काम तेवढंच. ‘ग्रीस लावलं की करंट चांगला वाहतो’ म्हणतात ते खोटं.

बी-२०१ : मग तांब्याची पूड घातलेलं ग्रीस घ्यावं की. वीजही जाईल, पाणीही अडेल.

डी-४०१ काका : एकाच कपलरमध्ये सहा-सहा पिना शेजारी-शेजारी असू शकतात. त्या पुडीतून एकीचा करंट दुसरीत शिरला तर इंडिकेटर दिल्यावर काय पेटेल सांगता येणार नाही. अनेक पिनांच्या कपलरपासून ते लांबच बरं.

सी-१०२ : मी तर नुसता डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारतो आणि विसरून जातो.

डी-४०१ काका : पाणी हटवायला मारा, जरूर मारा. १९५३ सालचं ते रसायन, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हुसकावणं. पण मागे उरतो तो पातळ थर, तो काही सील नव्हे. दोन धुण्यांत साफ. अरे ३०४, कपलर उघडून फोटो टाक आधी. आणि उघडण्यापूर्वी चावी बंद.

ए-३०४ : टाकला. तीन पिना आहेत. दोन बऱ्यापैकी चकचकीत आहेत, तिसरीवर हिरवट-निळसर बुरशीसारखं काहीतरी. नखाने खरवडलं तर भुकटी पडते. आत अजून ओल आहे.

डी-४०१ काका : ती तिसरी प्लसची असणार, तपासून बघ.

ए-३०४ : चावी लावून ब्रेक दाबला आणि मीटर लावला. तीच! तुम्हाला कसं कळलं?

डी-४०१ काका : मळकं पाणी साचलं की प्लस आणि मायनस पिनांमध्ये त्यातून बारीक करंट झिरपत राहतो. त्यात झिजते ती प्लसची बाजू, तिचं तांबं क्षार होऊन बाहेर येतं. म्हणून एकच पिन हिरवी दिसते. आता तिची वायर मागे जरा सोलून बघ.

ए-३०४ : सोलली. आतलं तांबं काळं पडलंय. चांगलं दोन सेंटीमीटर.

डी-४०१ काका : वायरच्या तारांमधल्या फटींतून पाणी वातीसारखं वर चढतं. काळ्या तारेवर ग्रीस लावून काही होणार नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत काप, नवी पिन दाबून बसव. वायरचा सील पिन दाबण्यापूर्वी ओव, नंतर जात नाही. बाकीच्या दोन पिना कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) आणि जुन्या टूथब्रशने साफ कर. मग पूर्ण वाळू दे. घाई करू नकोस. ओल्यावर ग्रीस लावलंस तर पाणी आतच कोंडशील.

बी-२०१ : काका, माझ्या कारचा एका बाजूचा हेडलाइट मंद आहे. तेही हेच का?

डी-४०१ काका : असू शकतं. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. कपलरमध्ये नुसता ०.२ ओहम अडथळा आला तरी १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. बल्बला ११ च मिळतात आणि उजेड साधारण पाव हिश्शाने कमी दिसतो. शिवाय ५ वॉटची उष्णता त्या चिमुकल्या जागेत. कपलरचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का बघा. पडलं असेल तर कपलरच बदला. आणि ग्रीसचा हात बल्बच्या काचेला लावू नका.

सी-१०२ : म्हणजे ट्यूब आणायची आणि बॉनेट उघडून दिसेल त्या कपलरला लावायचं?

डी-४०१ काका : नाही हो! ऑक्सिजन सेन्सरचा (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) कपलर सोडा. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच ओढतात, आणि सिलिकॉनने सेन्सर खराब होतो. रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि साध्या स्विचच्या उघड्या संपर्कांनाही नको, ठिणगीत सिलिकॉन जळलं की वीज न वाहणारा थर बसतो. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेज, केबलला तर हातच लावायचा नाही. कंपनीने सीलबंद दिलेला कपलर धड असेल तर उगाच उघडूही नका. स्पार्क प्लगच्या टोपीला मात्र रबराच्या आतल्या कडेने बोट फिरवा, पुढच्या वेळी ती चिकटून फाटणार नाही.

ए-५०२ : बॅटरीला आम्ही पेट्रोलियम जेली लावतो. तेही चुकीचं?

डी-४०१ काका : बॅटरीला चालतं. फक्त क्लॅम्प (बॅटरीवरची वायरीची पकड) आधी घट्ट करा, जेली मग वरून. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

ए-३०४ : नवीन पिन बसवली, वाळवलं, ग्रीस भरलं. आता कपलर लॉकच होत नाही. दाबला की बसतो, सोडला की मागे सरकतो 😩

डी-४०१ काका : किती भरलंस?

ए-३०४ : अर्धी ट्यूब.

डी-४०१ काका : 🤦 आतली हवा आणि ग्रीस जाणार कुठे? दाबाने मागचे सील बाहेर येतील. सगळं पुसून काढ. आगकाडीच्या गुलाएवढं पुरे, आणि सीलच्या रिंगेवर बोटाने पातळ हात. ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे.

ए-३०४ : टक् झालं. दहा वेळा ब्रेक दाबला, दहाही वेळा लागला 🎉

डी-४०१ काका : आता वायर अशी बांध की कपलरच्या अलीकडे तिला खाली झोळ पडेल. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून ठिबकतं, कपलरपर्यंत जात नाही. आणि पुढच्या वेळी फवारा लांबून.

बी-२०१ : मग माझ्या डब्याचं काय करू?

डी-४०१ काका : मागच्या गेटच्या बिजागऱ्यांना लावा. पहाटे दूधवाला आला की अख्खी डी विंग जागी होते.

बी-४०३ : हा सोसायटीचा विषय आहे. आजच लावावे ही विनंती.