रक्ताची ‘व्हिस्कॉसिटी’: घट्टपणा, श्यानता की विष्यंदिता?

शेवंती: एका विज्ञानलेखाचा अनुवाद करते आहे. काचपट्टीवर बसवलेल्या रबरी चिपमध्ये केसाहून बारीक नाल्या असतात, त्यांतून रक्ताचा थेंब सोडून व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहताना ते किती अडतं, हे मोजतात. मी बेधडक ‘घनता’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. मग काय लिहू?

खलबत्ता: बरोबर खोडलं. गोडं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे घनता कमी. पण ओतून बघा, पाण्यापेक्षा सावकाश उतरतं. रक्त पाण्याहून जेमतेम 5-6 टक्के जड, पण शरीराच्या तापमानाला वाहताना पाण्याच्या चार-पाच पट अडतं. परिभाषेत ‘विष्यंदिता’ आणि ‘श्यानता’ दोन्ही भेटतात. मी असतो तर सरळ व्हिस्कॉसिटी लिहून मोकळा झालो असतो.

पाटकरी: दोन्ही शब्दांत गोम आहे. संस्कृतात ‘विष्यंद’ म्हणजे पाझरणं, ठिबकणं. प्रवाहाला अडवणाऱ्या गुणाला आपण वाहण्याचंच नाव दिलं! ‘श्यान’ म्हणजे थिजलेलं, आळलेलं. अर्थाने जवळचं, पण रक्ताच्या बाबतीत नेमकं तेच घोटाळ्याचं. इंग्रजी शब्दाचं मूळ तरी काय, लॅटिनमध्ये ‘विस्कुम’ म्हणजे बांडगुळाचा युरोपी भाऊबंद. त्याच्या फळांच्या चिकाने पक्षी धरत. तेव्हा शब्दशः भाषांतर ‘बांडगूळपणा’.

शेवंती: 😄 हे संपादकांना पाठवतेच. पण साधं ‘रक्ताचा घट्टपणा’ का नको?

ओपीडीबाहेर: नकोच, कृपा करा. ‘रक्त घट्ट झालंय म्हणून पातळ व्हायची गोळी दिलीय’ हे रोज ऐकतो. ॲस्पिरिन काय, वॉरफेरिन काय, रक्ताला पाणीदार करत नाहीत, गुठळी होण्याच्या आड येतात. तुम्ही घट्टपणा लिहिलात की वाचक थेट गुठळीवर जाणार. व्हिस्कॉसिटी मुख्यतः तांबड्या पेशींच्या प्रमाणावर चढते-उतरते.

शिवाय रक्ताची व्हिस्कॉसिटी एका आकड्यात सांगता येत नाही. हळू वाहताना तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि रक्त सहज वाहू लागतं. घट्ट दही ढवळलं की सैल होतं ना, तसं. म्हणून आकड्यासोबत किती वेगाने वाहताना मोजलं, हे लिहावंच लागतं.

पाटकरी: ‘सैल’! पीठ सैल, सरसरीत, दाट, पाक एकतारी... हे मोजमाप स्वयंपाकघरात कधीचं आहे, परिभाषा करणाऱ्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

शेवंती: चिपमध्ये नेमकं मोजतात काय?

ओपीडीबाहेर: एक रीत अशी: एकाच नालीत रक्त आणि व्हिस्कॉसिटी माहीत असलेला द्रव शेजारी-शेजारी, सारख्याच दराने सोडायचे. एवढ्या अरुंद जागेत भोवरे होत नाहीत, दोघे आपापल्या पट्ट्यात वाहतात. जो जास्त अडतो तो जास्त रुंदी बळकावतो. मधली सीमारेषा सूक्ष्मदर्शकाखाली कुठे दिसते, त्यावरून हिशेब. थेंबभर रक्त पुरतं.

नालीची रुंदी मात्र लेखात सांगा. फॉरेअस आणि लिंडक्विस्ट या संशोधकांनी 1931 मध्ये दाखवलं की साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत तेच रक्त कमी अडतं. पेशी मधोमध सरकतात, कडेने नुसता प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा रक्तद्रव, राहतो आणि वंगणाचं काम करतो. केशवाहिनीइतकं बारीक गेलं की पुन्हा उलटं, कारण तांबडी पेशीच सुमारे 8 मायक्रोमीटरची. आमच्या गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत खरी अडचण तिथेच. ऑक्सिजन सुटला की पेशी ताठरते आणि वाट अडवते.

खलबत्ता: मग ‘चॅनेल’ला काय? मराठीत चॅनेल म्हटलं की टीव्ही लागतो.

पाटकरी: पन्हळ. ‘सूक्ष्मपन्हळ’ म्हणा.

खलबत्ता: पन्हळ वरून उघडी असते, ही चारी बाजूंनी बंद. आणि ऐकल्यावर पत्र्याचं छप्पर आठवतं.

शेवंती: मी ‘नाली’वरच राहते. ‘विष्यंदिता’ घेते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘द्रव वाहताना त्याचे थर एकमेकांना किती अडवतात’ असं लिहिते. मायक्रोफ्लुइडिकला ‘सूक्ष्मप्रवाही चिप’. आता राहिलं ‘रिऑलॉजी’, पदार्थ कसे वाहतात याचा अभ्यास.

पाटकरी: तो शब्द बिंगहॅम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक ‘ऱ्हेओ’ (वाहणे) वरून घडवला. ऱ्हेओ आणि आपला ‘स्रु’ धातू मूळचे एकच. ‘स्रवशास्त्र’ कसं वाटतं?

ओपीडीबाहेर: रुग्ण विचारतील, कसला स्राव होतोय?

शेवंती: मग तूर्तास ‘प्रवाहगुण’.