मल्टिबॉलची घाई का नको

पिनबॉलमध्ये मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक चेंडू खेळात येणे) मिळताच कोणत्याही गाण्यावर तो उधळावा, असे एक मत आहे; पण स्टर्न कंपनीच्या २०१२ सालच्या, एसी/डीसी या रॉक बँडवर आधारित पिनबॉल यंत्राबाबत ते मला पटत नाही. त्यात आरंभी निवडलेले गाणे कोणत्या फटक्यांना गुण मिळतील हे ठरवते आणि मल्टिबॉलमध्येही ते चालू राहते. म्हणून आपला नेम जिथे हमखास बसतो, असे फटके असलेले गाणेच निवडावे. पुढे मल्टिबॉलमध्ये एक चेंडू उचललेल्या फ्लिपरवर (चेंडू टोलवणाऱ्या दांडीवर) थोपवून दुसऱ्याने शांतपणे नेम साधावा. यंत्राला धक्के मात्र जपूनच द्यावेत, कारण टिल्ट झाल्यास (जास्त धक्क्यांमुळे यंत्राने खेळ रोखल्यास) चेंडूबरोबर त्याचा बोनसही जातो.