मदत हवी आहे: आइसलँडचं खग्रास सूर्यग्रहण, १२ ऑगस्ट २०२६, कमी खर्चात

पुण्याहून आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८). शेंगेन व्हिसाचं मार्गी लागतंय. रेक्याविकला खग्रास स्थिती जेमतेम १ मिनिट, पश्चिमेला स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर साधारण २. म्हणून जीव तिकडेच ओढतोय. तिथली परवडणारी गेस्टहाउसं भरलीत, टूरवाल्यांचे दर आवाक्याबाहेर, आणि तंबूतली थंडी सासूबाईंना सोसणार नाही. जेवणाची चिंता नाही, भाजणी-मेतकूट बरोबर असेल.

ग्रहण संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, सूर्य पश्चिमेला उतरलेला. डोंगर आड यायला नको, ढग आले तर जागाही बदलायची. त्यामुळे भाड्याची गाडी हवीच. चालवणारी मी एकटीच.

बोर्गार्नेसला (रेक्याविकहून तिकडे जाताना वाटेतलं गाव) मुक्काम ठेवून त्याच दिवशी ५४ नंबरच्या रस्त्याने स्नायफेल्सनेसला जाऊन रात्री परतणं जमेल का, की गर्दीत अडकू? गाडी थांबवून पश्चिम क्षितिज मोकळं दिसेल अशी जागा कुणाला माहीत आहे का?