मदत हवी आहे: लेकीच्या इंग्लंडमधल्या अंगणात आपली कण्हेर, जास्वंद, बोगनवेल रुळेल का?

परभणीकर:

राम राम मंडळी. इथं बहुतेक धागे सोयाबीन-तुरीचे असतात. माझा प्रश्न निव्वळ शोभेच्या झाडांचा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

लेक-जावई इंग्लंडात लीड्सजवळ राहतात. यंदा त्यांनी घर घेतलं, मागं बरी मोकळी जागा आहे. लेकीचा हट्ट असा की परभणीच्या अंगणात जी झाडं आहेत तीच तिथं हवीत. लाल कण्हेर, जास्वंद, राणी रंगाची बोगनवेल आणि जमलं तर मोगरा. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत. जाताना फाटे ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावेत असा विचार चाललाय.

माझं म्हणणं असं की बोगनवेल काही आपली नाही, दक्षिण अमेरिकेतली. घाणेरीसुद्धा शोभेची म्हणूनच आणली होती, आज बालाघाटाच्या डोंगरात तिच्यातून वाट काढावी लागते. म्हणजे झाड परक्या हवेला रुळतं. मग थंड हवेला का रुळणार नाही? आणि आमच्या परभणीची थंडीही काही साधी नाही. काही हिवाळ्यांत पारा पाचाच्या खाली जातो, तरी दारातली जास्वंद जागची हलत नाही. पहिली एक-दोन वर्षं कुंडी आत-बाहेर करत सवय लावली तर पुढं जमिनीत लावता येईल ना?

जावई म्हणतो, "बाबा, नाही जगणार." का, ते विचारलं तर त्याला सांगता येत नाही. मला कारण हवंय.

लातूरचा_गडी:

काका, तेवढी घाणेरी नेऊ नका म्हणजे झालं, नाहीतर दीडशे वर्षांचा हिशेब चुकता केला म्हणतील.

बाकी बोगनवेलीचं गणित मला पाण्याचं वाटतं. आमच्याकडं पाणी तोडलं की ती पेटून उठते, पाणी जास्त झालं की नुसता पाला. इंग्लंडात वर्षभर रिपरिप. थंडीचं मरू द्या, फुलं तरी कशी येणार?

पानगळ (छत्रपती संभाजीनगर):

परभणीकर काका, प्रश्न चांगला आहे. वनस्पतीशास्त्र शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो.

आधी परभणीच्या थंडीचं बघू. तिथला पारा पाचाखाली जातो तो पहाटे काही तास. दिवसा पुन्हा पंचवीसच्या पुढं, आणि काळी माती खालून उबदारच असते. जास्वंदीच्या मुळ्यांना त्या पहाटेचा पत्ताही लागत नाही. लीड्सला हिवाळ्यात रात्रीचा पारा बऱ्याचदा शून्याच्या आसपासच असतो, पण तो तिथं आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो, दिवसाही फारसा वर येत नाही आणि मातीही गार, ओली राहते. रात्री दव गोठलं की दुसऱ्या दिवशी जास्वंदीची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि पाणीदार होतात. पेशी फुटलेल्या असतात. तिथून माघार नाही.

थंडी सोसणारं झाड वेगळं काय करतं? शरदात दिवस लहान होऊ लागले की ते नवी फूट थांबवतं. पेशींत साखर साठवतं, पेशीच्या पडद्यांची घडण बदलतं. पाणी गोठायला लागलं की बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळीत होतो आणि आतलं पाणी हळूहळू बाहेर ओढलं जातं. पेशी सुकते, आकसते, पण आत बर्फाचे खडे होत नाहीत म्हणून वाचते. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात आणि मोडायला मात्र थोडेच उबदार दिवस पुरतात. फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं आणि पाठोपाठ पुन्हा थंडी आली की काटक झाडंही गारद होतात ती यामुळं.

आता सवयीचं. कुंडी आत-बाहेर करून झाड काटक करतात ते खरं आहे, तिथले माळी दर वसंतात रोपांना असं बाहेरच्या हवेची ओळख करून देतात. पण ती ओळख त्या हंगामापुरती आणि त्या जातीच्या मर्यादेपुरती. जास्वंदीत शून्याखाली जगण्याची तयारी करणारी यंत्रणाच नाही. दहा वर्षं आत-बाहेर केली तरी अकराव्या हिवाळ्यात ती पहिल्या हिवाळ्याइतकीच नाजूक. एक झाड आयुष्यात बदलत नाही. बदल होतो तो बियांतून, पिढ्यांतून.

त्याचं उदाहरण तिकडचंच आहे. ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम हे झुडूप 1763 च्या सुमारास ब्रिटनमध्ये शोभेसाठी आणलं गेलं. जनुकीय तपासणीत दिसलं की तिथली बहुतेक झाडं स्पेन-पोर्तुगालकडची, म्हणजे फारशी थंडी न पाहिलेली. पण अमेरिकेतल्या कॅटॉबिएन्स या काटक जातीशी त्यांचा थोडा संकर झाला, आणि त्या संकराच्या खुणा स्कॉटलंडच्या थंड पूर्व भागात जास्त सापडतात. जी रोपं तगली त्यांनी बी धरलं, असं कित्येक पिढ्या. आज ते तिथल्या जंगलात असं माजलंय की खाली दुसरं रोप उगवू देत नाही, कायद्याने ते रानात लावायला बंदी आहे. तुमच्या घाणेरीचं तिकडचं भावंडच म्हणा. पण हे दोन-अडीचशे वर्षांचं काम आहे, जावईबापूंच्या अंगणातलं नाही.

बोगनवेल इथं रुळली कारण तिला हवं ते इथं तयार होतं: कडक ऊन, कोरडा हंगाम, दव न गोठणारी रात्र. परकं झाड रुळलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला ओळखीची हवा मिळालेली असते, इतकंच.

उलटंही घडलंय. कॅमेलिया अठराव्या शतकात चीन-जपानकडून युरोपात आली तेव्हा उष्ण देशातली समजून तिला तापवलेल्या काचघरात कोंडायचे. कितीतरी झाडं उकाड्यानेच मेली. नंतर कळलं की ती इंग्लंडच्या थंडीत उघड्यावर मजेत राहते. म्हणून आधी विचारायचं ते झाड मुळात कुठल्या हवेतलं आहे, हे.

परभणीकर:

सर, कारण मागितलं होतं ते मिळालं. जावयाला हा धागाच पाठवतो. पण एक अडलं. लंडनला म्हणे लोक बोगनवेल लावतात, फोटो पाहिलेत. ते कसं?

मूळची_अंबाजोगाईची:

काका, मी मँचेस्टरला असते, लीड्स आमच्यापासून डोंगरापलीकडे. तुम्ही बघितलेली बोगनवेल बहुतेक काचेच्या खोलीतली किंवा उन्हाळ्यापुरती बाहेर काढलेली कुंडी असणार. मी तशीच ठेवते. मे संपला की अंगणात, ऑक्टोबर लागायच्या आत घरात. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद. पानं गळून काड्या उरतात, घाबरायचं नाही. फुलं येतात, पण अंबाजोगाईला कुंपणावर बघितलेला तो गुलाबी लोट विसरायचा. जुलैत इथं दुपारी वीस-एकवीस अंश असतं, त्यात कसली पेटणार?

लोक थंडीचंच बोलतात, पण इथल्या उन्हाळ्याची ऊबही अपुरी पडते. झाडाच्या नव्या काड्या हिवाळ्याआधी पिकून कडक व्हाव्या लागतात. इथं जूनमध्ये दिवस सतरा तासांचा असतो, झाड वाढत सुटतं, आणि सप्टेंबरपर्यंत काड्या हिरव्या, कोवळ्या त्या कोवळ्याच. पहिल्या थंडीत शेंडे काळे. क्रेप मर्टल, आपल्या ताम्हणाच्या कुळातलं झुडूप, कडाक्याची थंडी सोसतं, पण इथं जगतं आणि फुलत नाही अशी त्याची गत. त्याला तापलेला उन्हाळा हवा.

ताईला हे सांगा. जास्वंद हवीच असेल तर हिबिस्कस सिरिअॅकस घ्या. पूर्व आशियातलं, पानगळीचं झुडूप, उणे वीसच्या आसपासची थंडीही झेपते. फूल जास्वंदीचंच दिसतं, जरा लहान, जांभळं किंवा पांढरं. वसंतात फार उशिरा फुटतं, मे उजाडला तरी नुसती काठी. मेलं म्हणून उपटू नका. ऑगस्टमध्ये फुलतं.

मोगरा खिडकीतच. बाहेर सुवास हवा असेल तर चमेलीच्या जवळची जॅस्मिनम ऑफिसिनेल मिळते, हिमालयातही उगवणारी, इथल्या बागांतून शतकानुशतकं आहे. दक्षिणेकडच्या भिंतीला चढवा. इथं सूर्य दक्षिणेनंच फिरतो, ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडते. लीड्सला याचा फरक पडतो.

आणि कुंडी हिवाळ्यात जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त धोक्यात असते. मुळ्या फांद्यांपेक्षा नाजूक, आणि कुंडीला थंडी चारी बाजूंनी लागते. गोणपाट गुंडाळा, कुंडी भिंतीला टेकवून विटांवर ठेवा. साचलेलं पाणी थंडीपेक्षा लवकर मारतं.

लातूरचा_गडी:

सगळे तिकडचं बोलताय तर इकडचंही सांगा. बायकोनं महाबळेश्वरहून हायड्रेंजिया आणलाय. निळा होता. आमच्याकडं आल्यापासून पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

पानगळ:

उसावर केवडा पडतो तसंच हे, लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही मुळ्यांना उचलता येत नाही. निळा रंग आम्ल मातीत मिळणाऱ्या अॅल्युमिनियममुळे येतो, इथं फूल आलंच तर गुलाबी येईल. काळी माती काढा. कुंडीत कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडं गंधक घाला, पावसाचं पाणी साठवून तेच द्या, चिलेटेड लोहाची फवारणी करा. दुपारचं ऊन अजिबात नको. तरी कळी धरायला काही आठवडे गारवा लागतो, तो लातूरला मिळेलच असं नाही. मी तरी त्याच्यावर फार पैसे घालणार नाही.

सीमा_शुल्क:

परभणीकर, फाटे फडक्यात गुंडाळून नेण्याचा बेत सोडा. ब्रिटनमध्ये लागवडीसाठीचं रोप किंवा फाटा न्यायचा तर आपल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावर जप्त. कण्हेर तर त्यांच्या खास नजरेत आहे, कारण इटलीत 2013 नंतर ऑलिव्हच्या बागा वाळवणारा झायलेला हा जिवाणू कण्हेरीवरही राहतो. बियांनाही नियम आहेत. मुलीला म्हणावं, तिथल्याच नर्सरीतून घे.

परभणीकर:

बरं झालं आधी विचारलं, नाहीतर विमानतळावर हिच्यासमोर शोभा झाली असती. आता यादी अशी: सिरिअॅकस जमिनीत, चमेलीची ती बहीण दक्षिण भिंतीला, बोगनवेल कुंडीत. कॅमेलियाचं सरांनी लिहिलंय ते हिला फार आवडलं, तीही एक. कण्हेर कुंडीत ठेवून हिवाळ्यात गॅरेजमध्ये चालेल का? नातू दीड वर्षाचा आहे. आणि कॅमेलिया कुठल्या बाजूला?

मूळची_अंबाजोगाईची:

कण्हेर थोडी थंडी सोसते. खिडकी असलेल्या गॅरेजमध्ये, गोठणार नाही इतक्या उबेत हिवाळा काढेल. पण दीड वर्षाचं पोर सगळं तोंडात घालतं आणि कण्हेरीचं पान, फूल, काडी सगळं विषारी. सध्या नकोच.

कॅमेलिया पूर्वेच्या भिंतीला लावू नका. ती हिवाळा सरता सरता फुलते. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन थेट पडलं की ती झटकन वितळते आणि तपकिरी होऊन गळते. पश्चिमेला किंवा उत्तरेला लावा, म्हणजे ऊन लागेपर्यंत ती सावकाश सुटलेली असते. मातीही आधी तपासा, तिला आम्लच लागते. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी तशी आहे, पण नव्या घराच्या अंगणात बांधकामाचा चुना-सिमेंट गाडलेलं असतं. तसं असेल तर सरळ मोठ्या कुंडीत.