घरचे मोमो गार झाले की वातड होतात, सोलापुरात कुणाला नीट जमलेत का?

विजापूर_रोड_वाली:
नमस्कार मंडळी, आधीच सांगते प्रश्न लांबलाय. घरात दोन पोरं, दोघांना मोमोचं वेड लागलंय, संध्याकाळ झाली की गाडीवर चला म्हणून भुणभुण चालू, आणि तिथं ते मेयोनीज या उन्हात दुपारपासून उघडं असतं ते बघून मला काही खाववत नाही, म्हणून म्हणलं घरीच करू. करते पण जमत नाही. मैदा मीठ तेल घालून गार पाण्यात चपातीच्या कणकेएवढा मऊ मळते, पुरीएवढं लाटते, आत कोबी गाजर कांदा, आणि इडलीपात्रात वीस मिनिटं वाफवते. काढल्या काढल्या दिसायला झ्याक असतात, पण ताटात येऊन सगळे जेवायला बसेपर्यंत वरची पारी वातड होते, चुण्या जिथं एकत्र येतात तिथं तर दातानं ओढून तोडावं लागतं. दुसरं म्हणजे आतून पाणी सुटतं आणि बूड पात्रालाच चिकटतं, उचललं की सारण खाली आणि टोपी हातात. सासूबाई म्हणतात मैदाच तो, असाच होणार. मला नाही पटत, गाडीवरचा पण मैदाच असतो की. कुणी नीट सांगेल का? व्हिडिओची लिंक नको, ते सगळे बघून झालेत. आणि बांबूची टोपली नाही माझ्याकडं, त्या हिशोबानं सांगा.

पार्क_चौक_पार्टी:
फ्रोझनचं पाकीट आणायचं, वाफवायचं, खायचं. एवढा कुटाणा कशाला करलालाव बे 😄

विजापूर_रोड_वाली:
@पार्क_चौक_पार्टी ते आणून झालं दादा, आत सारण शोधावं लागतं.

भाकरतुकडा:
ताई, वीस मिनिटं फार झाली, ते आधी कमी करा. खालचं पाणी खळखळ उकळायला लागल्यावरच आत ठेवायचं आणि भाजीच्या मोमोला तिथून आठ ते दहा मिनिटं बास. पारी चकचकीत दिसायला लागली आणि बोटाला चिकटेना की झालं. गार पाण्यावर ठेवून मग गॅस पेटवला तर पारी नुसती भिजत बसते आणि बूड तिथंच चिकटतं.

आता पिठाचं. सोलापूरच्या आहात म्हणजे भाकरी येतच असणार. ज्वारीचं पीठ जुनं झालं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला की आपण काय करतो, आधणाचं पाणी घालतो, कारण कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. मैद्याची अडचण नेमकी उलटी, त्यात ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) असतं म्हणून विरी गरजेपेक्षा जास्त. गार पाण्यात मळला की लाटी लाटताना परत परत आखडते, मग आपण वैतागून जाडच ठेवतो, आणि तीच जाड पारी गार झाली की ओढत बसा. कढत पाणी घातलं की ग्लुटेनचा जोर मोडतो आणि फुगलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून पारी पातळ लाटता येते आणि मऊ पण राहते. चीनमध्ये पण ही रीत जुनीच आहे, वाफवायच्या आणि तव्यावर करायच्या डंपलिंगला कढत पाण्याचं पीठ, आणि पाण्यात उकडायच्या जियाओझीला गार पाण्याचं, कारण ती उकळत्या पाण्यात गडबडा लोळते तरी फुटायला नको.

माझं माप असं: २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, त्यात १०० मिली उकळतं पाणी घालून चमच्याच्या दांड्यानं हलवायचं, सगळे गोळे गोळे दिसतात, घाबरायचं नाही. हाताला सोसेल एवढं झालं की वरून ४० मिलीच्या आसपास साधं पाणी लागेल तसं घालून चांगलं मळायचं. तेल नको. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास विसरून जायचं, हे टाळू नका, मळल्या मळल्या लाटलं तर कुठलंच पीठ ऐकत नाही. एवढ्यात सुपारीएवढ्या तीसेक लाट्या होतात.

आणि लाटताना पोळीसारखं मधून बाहेर लाटणं न्यायचं नाही. डाव्या हातानं पारी थोडी थोडी फिरवत कडेपासून मधापर्यंतच जायचं आणि मागं यायचं. मधे जाड, कडेला पातळ अशी पारी झाली पाहिजे. तुमच्या चुण्या वातड होतात त्याचं कारण तेच, सारखी पारी लाटली की वर चुण्यांचे पाच सहा थर एका जागी येतात आणि तेवढाच गठ्ठा आतून कच्चा राहतो.

शेवटचं म्हणजे पंखा बंद करा!! मार्च ते मे इथली हवा कशी असते ते सांगायला नको, चाळीसच्या वर पारा आणि कोरडं वारं, पारी लाटून बाजूला ठेवली की तिला साय धरल्यागत पापुद्रा येतो आणि मग कडा चिकटत नाहीत. मी चार लाटते, चार भरते, बाकीचं फडक्याखाली.

हॉस्टेलचा_आचारी:
काकूंचं बरोबर आहे पण एक सांगू का, राग मानू नका. पुण्यात शिकायला होतो तेव्हा रूमवर दार्जिलिंगकडची पोरं होती, त्यांच्या घरी मोमोचं पीठ साध्या पाण्यातच मळायचे, कढत वगैरे काही नाही. फरक एवढाच की ते दाबून मळायचे, तासभर ठेवायचे, पारी एकदम पातळ लाटायचे आणि मुख्य म्हणजे वाटीत पडला की तोंडात, सगळे जमायची वाट कोण बघतंय. गार पाण्याच्या पिठाला चावायला एक मजा असते, ती कढत पाण्याच्या पिठात नाही येत. म्हणजे रीत चूक कुठलीच नाही, तुमच्याकडं सगळे एकत्र बसणार असतील तर काकूंची रीत धरा.

पण पाणी सुटतंय ते पिठामुळं नाही, कोबीमुळं. कोबीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. बारीक चिरून (किसू नका, लगदा होतो) मीठ चोळून पंधरा वीस मिनिटं ठेवायचा आणि मग सुती कापडात घालून असा पिळायचा की हात दुखले पाहिजेत. मूठभर राहतो, वाईट वाटतं, पण तोच खरा कोबी. मीठ त्यात गेलेलंच असतं म्हणून नंतर चाखून मगच घाला. मग गाजर, कांदा, आलं लसूण, मिरपूड, कोथिंबीर, आणि भिजवून पिळलेले सोया चंक्स मिक्सरला एकदा फिरवून. वरून चमचाभर तेल किंवा लोणी. पाणी काढलं म्हणून सारण कोरडं ठणठणीत झालं तर तेही घशात अडकतं, तेल आधी चोळलं की भाजीचं उरलेलं पाणी पण लवकर बाहेर येत नाही.

आणि सारण परतून घेत असाल तर पूर्ण गार करून भरा. कोमट सारण पारीला घाम आणतं.

गड्ड्यातला_पाळणा:
चिकनचं पण सांगा की कुणीतरी, सगळं कोबीवरच चाललंय 🙏

हॉस्टेलचा_आचारी:
@गड्ड्यातला_पाळणा चिकन सोपंय उलट. तंगडीचा खिमा घ्यायचा, छातीचा नको, कोरडा पडतो. मीठ घालून एकाच दिशेनं ढवळत राहायचं, मधेमधे चमचा चमचा गार पाणी नाहीतर चिकनचं सूप जिरवायचं. खिमा हळूहळू चिकट होतो आणि ते पाणी धरून ठेवतो, शिजल्यावर तोच रस आत सापडतो. भाजीत पाणी काढायचं आणि खिम्यात घालायचं, गंमतच आहे. कांदा भरपूर. वाफ बारा ते पंधरा मिनिटं, आणि पहिला मोमो फोडून बघायचाच, आत गुलाबी दिसलं तर परत झाकण. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. नेपाळात म्हशीच्या मांसाचे जास्त चालतात, आपल्याकडं मटणाचा खिमा मस्त लागतो पण दोनदा बारीक करून घ्या नाहीतर चिवट लागतो.

डाएट_चालू_आहे:
मैदा नको असेल तर ज्वारीच्या पिठाचे होतील का? एवढी चांगली ज्वारी आपल्याकडं पिकते आणि आपण मैदा खातोय.

भाकरतुकडा:
होतील पण मोमो म्हणू नका त्याला. नुसत्या ज्वारीची उकड काढली तरी तिला ताण नाही, पातळ लाटली की फाटते आणि चुण्या तर विसराच, गोल करून बंद करावं लागतं. तीन वाट्या मैद्याला एक वाटी ज्वारीचं पीठ घालून कढत पाण्यात मळलं तर बरं जमतं, चव पण खमंग येते. त्यापेक्षा गव्हाच्या कणकेचे करा की. पंचमीला दिंडं करता ना? पुरण भरून वाफवलेली? मग त्याच कणकेत पुरणाच्या जागी कोबी गेला एवढंच. रंग तपकिरी येतो, पोरं नाक मुरडतात, पण गार झाल्यावर मैद्यापेक्षा मऊ असतात हे मी शपथेवर सांगते.

विजापूर_रोड_वाली:
काकू तुमचे उपकार 🙏🙏 कढत पाण्याचं आज दुपारीच करून बघितलं. पारी आखडत नाही हे खरंय, लाटतानाच कळलं. पंखा बंद करून घामाघूम झाले ती गोष्ट वेगळी. कडेनं लाटायचं अजून हातात बसलं नाही, गोल सोडून सगळे आकार आले, पण पोरांनी खाल्ले आणि शेवटचे चार तर गार झालेले खाल्ले. बूड मात्र अजून चिकटतंय. तेल लावलं होतं.

भाकरतुकडा:
नुसतं तेल वाफेबरोबर निघून जातं. कोबीची बाहेरची पानं टाकून देताय ना, तीच खाली अंथरा, पानासकट उचलून ताटात. नाहीतर मलमलचं ओलं फडकं. इडलीच्या साच्यात एकेका खड्ड्यात एकेक ठेवला तर एकमेकांना चिकटत नाहीत हा फायदा आहे पण खालून वाफ कमी लागते, त्यापेक्षा पातेल्यावर चाळण ठेवा. झाकणाला पंचा बांधायचा, मोदकाला बांधतो तसा, नाहीतर झाकणाचं पाणी टपाटपा वर पडून पारीचा चिखल होतो. आणि गॅस बंद केल्यावर लगेच उपटायला जाऊ नका, झाकण काढून दोन मिनिटं जाऊ द्या, बूड आपोआप सुटतं.

पार्क_चौक_पार्टी:
एवढं करूनही चिकटलं तर तव्यावर चिकटवूनच करा 😄 मस्करी नाही, खरंच. ते जपानी ग्योझा असंच करतात. नॉनस्टिक तव्यात तेल, मोमो बूड टेकवून मांडायचे, तळ लालसर झाला की अर्धी वाटी पाणी ओतून पटकन झाकण, जपून, लै उडतं. पाच सहा मिनिटात पाणी आटतं, झाकण काढून परत चुरचुरीत होईस्तोवर ठेवायचं. खाली कुरकुरीत वर मऊ. पाकिटातले पण असेच करतो मी, कच्चे गोठलेले थेट तव्यात.

विजापूर_रोड_वाली:
@पार्क_चौक_पार्टी म्हणजे तुम्हाला येतंय की सगळं! घरचे फ्रीजरला ठेवता येतील का मग?

पार्क_चौक_पार्टी:
येतील. कच्चेच ठेवायचे. मैदा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागता मांडायचे, दगड झाले की मग पिशवीत भरायचे. आधी पिशवीत भरले तर सगळ्यांचा मिळून एकच मोठा मोमो होतो. काढल्यावर बाहेर ठेवून वितळवायचे नाहीत, पारी ओली होऊन फाटते, थेट उकळत्या पाण्यावर, दोन तीन मिनिटं जास्त द्यायची.

गड्ड्यातला_पाळणा:
आणि चटणी? ती लाल तिखट गाडीवरची. तिच्याशिवाय मोमो म्हणजे नुसती वाफ.

हॉस्टेलचा_आचारी:
तीन चार टोमॅटो, सात आठ ब्याडगी, लसणाच्या पाकळ्या सढळ हातानं, सगळं पाण्यात उकडून मिक्सरला. मग थोड्या तेलावर परतून मीठ आणि किंचित साखर. नेपाळी लोक यात भाजलेले तीळ वाटून घालतात, त्यानं दाटपणा येतो. मी तिळाच्या जागी आपली शेंगाचटणी दोन चमचे घालतो, त्यातलं शेंगांचं तेल सुटून चटणीला जी चकाकी येते ना, रूमवरच्या दार्जिलिंगवाल्यांनी बरणी पळवली होती. लसूण मग कमी करा, शेंगाचटणीत असतोच. आणि ते लोक टिमूर नावाचं एक फळ घालतात, जीभ जरा झिणझिणते त्यानं. इथं कुठं मिळायचं, पण कोकणातलं तिरफळ त्याच्याच जातकुळीतलं आहे, मासेवाल्या घरात असतंच. आतलं काळं बी काढून नुसती साल भाजून चिमूटभर. जास्त झालं तर कडवट लागतं.

डाएट_चालू_आहे:
मेयोनीज?

भाकरतुकडा:
नाही.

विजापूर_रोड_वाली:
😂 पोरांना वाचून दाखवते. शेंगाचटणी घरात आहेच, तिरफळ लक्ष्मी मार्केटला मिळतं का बघते, मसाल्याच्या दुकानात विचारू ना? रविवारी नणंद येणारे, तिच्यासाठी चिकनचे करणार आहे, पाव किलो मैद्याला खिमा किती लागेल तेवढं सांगा कुणीतरी.

हॉस्टेलचा_आचारी:
हो मसाल्याच्याच. खिमा ३०० ग्रॅम, कांद्यासकट साधारण ४०० होतं, तीस मोमोत पुरतं. उरलं तर रात्री त्याच तव्यावर अंडं फोडून घाला. माणसं किती आहेत पण? खाणारी असतील तर तीसमध्ये काही व्हायचं नाही, डायरेक्ट डबल करा.